उदगीरला नवीन आलात? आधी 'उगं' शिकून घ्या

आमच्या वरच्या खोलीत दर दोन-तीन वर्षांनी नवा भाडेकरू येतो. कधी बँकेतला साहेब, कधी कॉलेजवर लागलेल्या मॅडम, कधी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी पोरं. कुणी रत्नागिरीचं, कुणी नाशिकचं, कुणी साताऱ्याचं. मराठी सगळ्यांनाच येते, त्यामुळे भाषेची काळजी घेऊन कुणी येत नाही. आणि पहिल्या महिन्यात हमखास अडखळतात. अवघड शब्दांना नाही. सालगडी म्हणजे काय, नवं-जुनं म्हणजे काय, हे ते विचारून घेतात. अडखळतात ते 'उगं' या दोन अक्षरांना, कारण तो शब्द आपल्याला येतोच असं त्यांना वाटत असतं.

पुस्तकात तो 'उगा' किंवा 'उगाच' असा भेटतो. आमच्याकडे बोलताना 'उगं', 'उगंच', रडणाऱ्या लेकराला 'उगी'. या एका शब्दावर इथे माणसं गप्प होतात, जेवतात, भांडतात, कर्ज मागतात आणि मयताच्या घरी बसून येतात. म्हणून प्रत्येक भाडेकरूला मी जे तोंडी सांगते, ते एकदा लिहूनच काढलं.

आधी हा शब्द कुठून कुठे आला ते बघा

'उगा' म्हणजे मुळात गप्प, स्तब्ध. जुन्या पोथ्यांत, ओव्यांत तो याच अर्थाने येतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही तो आहे. तो उगा, ती उगी, ते उगं, अशी त्याची रूपं फिरतात. बोलण्यात मात्र बाप्या असो की बाई, आमच्या गल्लीत बहुतेकदा 'उगं'च ऐकू येतं.

आता गप्प या अर्थाचा शब्द 'विनाकारण' या अर्थापर्यंत कसा गेला? त्यासाठी कोश नको, आमचा ओटा पुरे. संध्याकाळी सासरे ओट्यावर बसलेले असायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय करायलेत अण्णा?" ते म्हणायचे, "काही नाही, उगं बसलोय." म्हणजे गप्प बसलोय, की कामाशिवाय बसलोय? दोन्ही. गप्प बसलेला माणूस काही करत नसतो, आणि काही करत नसलेल्याच्या बसण्याला कारण नसतं. शब्द त्या ओट्यावरूनच पुढे सरकला: गप्प, मग रिकामा, मग विनाकारण, मग 'फक्त', 'जरासं', 'सहज'. यातला कुठलाच अर्थ जुना झाला म्हणून टाकून दिलेला नाही. सगळे एकाच वेळी चालू आहेत, आणि नवख्याची पंचाईत तीच.

मग शेपूट ऐका

पहिले काही दिवस एवढंच करा. 'उगं' कानावर पडलं की त्याच्या मागे काय आलं ते ऐका.

मागे बस, राहा, पड असं काही आलं तर अर्थ गप्प राहण्याचा. "उगं बस", "उगं राहा की जरा", "उगं पड आता, रात्र झाली." मागे 'च' चिकटला तर बहुधा विनाकारण. "उगंच भांडला", "उगंच पैसे घातले." मागे खाणं-पिणं, येणं-जाणं आलं तर 'सहज' किंवा 'थोडंसं'. "उगं चवीपुरतं", "उगं आलतो."

नियम पक्का नाही. 'उगंच बस' म्हणणारी माणसंही आहेत, आणि त्यांना गप्पच बस म्हणायचं असतं. पण दहातल्या सात-आठ वेळा शेपूट सांभाळून नेतं.

एक उलटा प्रकार लक्षात ठेवा. "तो उगाच सरपंच झाला का?" याचा अर्थ तो विनाकारण सरपंच झाला, असा नाही. त्यामागे काहीतरी आहे, असा आहे. ते काहीतरी चांगलं की वाईट, हे बोलणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखायचं. 'उगाच नाही' हेही तसंच. आमच्या एका मॅडमनी चहाच्या टपरीवर अशा वाक्याला सरळ 'हो' म्हणून टाकलं होतं. बाकडं चिडीचूप झालं, आणि मॅडमना आठवडाभर कळेना की आपण कुणाविरुद्ध बोललो.

'उगं बस' कोण कुणाला म्हणतंय ते बघा

आई पोराला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते, मास्तर वर्गाला म्हणतात. तिथे तो दटावणीचाच शब्द आहे. पण तुम्ही पाहुणे म्हणून जेवायला गेलात, जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीकडे निघालात, आणि घरची म्हातारी ओरडली, "उगं बसा हो तुम्ही!" तर तुमचा अपमान झालेला नाही. ताट खाली ठेवा आणि बसा. ते बोलणं आपल्या माणसाला असतं. परक्या पाहुण्याला "राहू द्या, राहू द्या" म्हणतात.

मात्र तुम्ही ते उलट वापरू नका. वडीलधाऱ्याला 'उगं बसा' म्हणायची पायरी यायला वर्षं जातात. तोवर 'असू द्या हो' बरं. आणि ग्राहकाला, पालकाला, ऑफिसात आलेल्या शेतकऱ्याला तर कधीच नाही. तिथे 'जरा थांबा' म्हणा.

कौतुकाला उत्तर म्हणून 'उगं' आलं तर गोंधळू नका. "काकू, भाकरी लई भारी झाली." "उगं काहीतरी बोलू नको." म्हणजे अजून बोल.

ताटावरचं 'उगं'

याला सगळ्यात जास्त माणसं फसतात, आणि फसायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे येळवस.

मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्या करतात. बोलण्यात येळवस. त्या दिवशी गावात सामसूम, बाजार बंद, आणि अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करतात, आत पांडव मांडून पूजा होते, आणि मग झाडाखाली पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली ती दाट भाजी. नवा माणूस दिसला की त्याला धरून नेतातच.

आमचे रत्नागिरीचे बँकेतले साहेब पहिल्या वर्षी आले. सकाळी खोलीत पोहे खाऊन निघाले होते. मेहुण्याने पळीभर भज्जी वाढली आणि दुसरी पळी उचलली. साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. "अहो, उगं दोन घास," मेहुणा म्हणाला. साहेबांना वाटलं, दोन घासच आहेत. हात काढला. दोन पळ्या पडल्या. मग वहिनी आंबिलीचा तांब्या घेऊन आल्या, "उगं घोटभर." तांब्यात घोटभर नव्हतं. मग शेजारच्या शेतातले तात्या बांधावरून हाका मारत आले, "आमच्याकडचं उगं चाखून तरी जा." तिथे नवी पंगत मांडलेली. तीन वाजता साहेब बाभळीखाली आडवे होते आणि पोरं त्यांच्या अंगावर बोरं टाकत होती.

ताटावरचं 'उगं' वाढणाऱ्याच्या पळीचं माप सांगत नाही, तुम्हाला नाही म्हणायला जागा ठेवत नाही एवढंच. उपाय एकच. सुरुवातीलाच तुम्ही म्हणायचं, "उगं थोडंसं वाढा, मग मागून घेतो." आणि खरंच मागून घ्यायचं. मागून घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा आग्रह कमी होतो.

'उगं आलतो' म्हणत कुणी दारात उभं राहिलं तर

बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

याच साहेबांची गोष्ट. फेब्रुवारी संपत आलेला. गल्लीतले एक आप्पा, सत्तरीचे, जिना चढून वर गेले. मी खाली दळण निवडत होते, वरचं सगळं ऐकू येत होतं. "या या, काय काम काढलं?" साहेब म्हणाले. "काही नाही, उगं आलतो. म्हणलं साहेब काय करायलेत बघावं." साहेबांनी खुर्ची दिली आणि आपलं लॅपटॉपवर काम चालू ठेवलं. आप्पा म्हणाले, यंदा थंडी लवकर गेली. साहेब म्हणाले, हो. आप्पा म्हणाले, तुरीला भाव नाही. साहेब म्हणाले, हो ना. मग बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. आप्पा खाली उतरले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीची चुंबळ वर आली होती. आत पासबुक आणि सातबारा. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं होतं, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं होतं, मार्चअखेर जवळ आलेली. मी म्हणलं, "आप्पा, सांगितलं का नाही मग?" म्हणाले, "त्यांना काम होतं."

रात्री मी साहेबांना हे सांगितलं. बिचारे खजील झाले. म्हणाले, "पण काकू, मी विचारलं होतं ना काय काम म्हणून!"

विचारलं, तेच चुकलं. दारातच 'काय काम काढलं' विचारलं की माणसाला 'काही नाही' म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काम घेऊन आलो म्हणणं म्हणजे मागायला आलो म्हणणं. 'उगं आलतो' म्हणताना तो तुमच्यावरचं ओझं काढून घेत असतो: मी मागायला आलो नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं-माझं बिघडत नाही. म्हणून असं करा.

आधी 'बरं केलं आलात' म्हणा आणि पाणी द्या. लॅपटॉप मिटा, मोबाईल पालथा ठेवा. चहा टाका, तो 'कशाला उगंच' म्हणेल, तरी टाका. पाऊसपाणी, लेकरं कुठे शिकायलेत, एवढं बोलणं होऊ द्या. मध्ये तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. ती जागा भरायची घाई करू नका, तिथेच तो शब्द जुळवत असतो. मग 'येतो आता' म्हणत तो उठेल. बसून राहू नका, दारापर्यंत जा. तो चप्पल घालायला वाकला की विचारा, "आणखी काय म्हणता?" बहुतेक काम त्या चपलेपाशी निघतं. "काही नाही, एक विचारायचं होतं..." अशी त्याची सुरुवात असते. तिथेही नाही निघालं तर 'परवा या की पुन्हा' म्हणा.

दहातला एखादा खरंच उगं आलेला असतो. त्याचं काही बिघडत नाही, त्याला चहा मिळतो.

शेजारच्या भाषांतही हेच

माझं आजोळ भालकीचं, म्हणजे बिदर जिल्ह्यातलं. आजी मराठीत बोलता बोलता कानडीत घसरायची. आम्ही गलका केला की 'सुम्मनिरु', गप्प राहा. आणि शेजारीण आली की तीच आजी विचारायची, काय गं, कशी आलीस? ती म्हणायची, 'सुम्मने बंदे.' उगं आले. तोच शब्द, तीच वाट. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत. त्यांचा शब्द 'ऊरिके'. 'ऊरिके वच्चानु', उगंच आलो. आणि त्याच घराण्यातलं 'ऊरुको' म्हणजे गप्प राहा, रडू नको. तमिळमध्ये 'सुम्मा'. तो गप्प राहण्यालाही चालतो आणि सहज येण्यालाही. तिकडे रमण महर्षी साधकांना 'सुम्मा इरु' म्हणायचे, म्हणजे स्वस्थ राहा. आमच्या आजीचं 'सुम्मनिरु' त्याच कुळातलं, फक्त तिला समोर मोक्ष नाही, चार कार्टी दिसत होती.

शब्द एकमेकांचे उसने नाहीत. 'उगा'चं 'सुम्मने'शी काही नातं दिसत नाही. पण गप्प ते विनाकारण ही चाल सगळ्यांची सारखी. कुणी कुणाची घेतली हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. इतकं मात्र खरं, की मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी होईपर्यंत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच कचेरीच्या व्हरांड्यात बसून नंबराची वाट बघत होत्या. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर बसण्याची ढब सारखी होणारच. दखनी बोलणारे आमचे शेजारी 'ऐसेइच आया' म्हणतात, तेव्हा त्यातला 'च' तर सरळ आपल्या घरातलाच आहे.

फायद्याची गोष्ट ही, की तुमच्या शाखेत, शाळेत, दवाखान्यात कानडी किंवा तेलुगू माणूस असेल तर त्याला 'उगं' समजावून सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्याला सांगावं लागतं.

'उगी' जपून

लेकरू पडलं, गुडघा फुटला. कुणीही बाई, ओळखीची असो नसो, त्याला उचलते आणि पाठीवर थोपटत म्हणते, "उगी, उगी, उगी माझी माय." पोरगा असला तरी 'माय' म्हणतात, त्यात चूक काढू नका. इथे शब्दाचा अर्थ गप्प राहा असाच आहे, पण हुकूम त्यातून गेलेला आहे. उरलेली असते ती थोपटण्याची लय.

हीच लय मयताच्या घरी ऐकू येते. तुमच्या ऑफिसातल्या शिपायाचे वडील वारले, तुम्ही बसायला गेलात. आत बायका आहेत, नवी बाई आली की रडण्याचा नवा कढ येतो, आणि कुणीतरी मोठी बाई तिला छातीशी धरून म्हणते, "उगी माय, उगी." ती थांबावी म्हणून नाही म्हणत. 'रडू नका', 'सावरा स्वतःला' हे तुम्ही टीव्हीवर ऐकलेलं तिथे बोलू नका. बापे ओसरीवर सतरंजीवर बसलेले असतात, त्यांच्यात जाऊन बसा. कुणी काही विचारलं तर उत्तर द्या, नाहीतर उगं बसा. हा 'उगं बसा' मात्र अगदी पहिल्या, पोथीतल्या अर्थाचा. दहा-पंधरा मिनिटांनी उठा. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे बहुधा तुमच्याकडेही असेलच.

बाकीचे शब्द, उभ्या उभ्या

'गप' हा 'उगं'चा तापट भाऊ. 'गप बस' मध्ये माया कमी. 'गपगुमान' मध्ये धमकी आहे: गपगुमान पैसे दे. 'गपगार' झालेला माणूस आधी फार बोलत होता, असं समजा. 'चूप' बाजारात, शाळेत, भांडणात. 'निवांत'ला आवाजाशी फार देणंघेणं नाही. 'निवांत या' म्हणजे घाईत येऊ नका, आणि 'कसं काय?' 'निवांत' म्हणजे बरं चाललंय. मे महिन्यात दुपारी दोन वाजता चौकात जी असते ती सामसूम, तेव्हा कुणाच्या घरी जाऊ नका, उगं असो की कामाने.

स्वतः वापरायची सुरुवात 'उगं आलतो' पासून करा. बाईमाणूस असाल तर 'आलते'. सगळ्यात कमी धोका तिथेच आहे. आमच्या साहेबांनी तेच केलं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री साडेआठला खाली आले, दारात उभे. "या," मी म्हणलं, "जेवलात का?"

"नाही काकू, उगं आलतो."

मी पोळपाट बाजूला सारला आणि चहा टाकला. पाऊस कसा झाला, त्यांच्या आईचा गुडघा कसा आहे, सगळं झालं. दुसरा कप झाला. मग गप्प बसले. मीही गप्प बसले. उठले, दारात गेले, चप्पल घालायला वाकले.

"आणखी काय म्हणता?" मी विचारलं.

वर सिलिंडर संपलं होतं.